नाममंत्र आणि अर्थ : मंत्रांच्या अर्थशून्यतेच्या सिद्धांताचे परीक्षण

१

मंत्रांना अर्थ असतो काय, हा प्रश्न भारतीय भाषाविचाराइतकाच जुना आहे. यास्काने निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदविले आहे. मंत्रांचा अर्थ कळावा हेच जर निरुक्ताचे प्रयोजन असेल, तर ते शास्त्र व्यर्थ होय. कारण मंत्र मुळातच अर्थशून्य आहेत, असे कौत्साचे म्हणणे. या म्हणण्याला त्याने कारणेही दिली होती. मंत्रातील शब्द आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो, त्याऐवजी समानार्थी शब्द घालता येत नाही. कोणत्या कर्मात कोणता मंत्र म्हणावा हे ब्राह्मणग्रंथांना वेगळे सांगावे लागते. मंत्राला स्वतःचा अर्थ असता तर ते सांगावे लागले नसते. वनस्पतीला रक्षण करण्याची किंवा कुऱ्हाडीला इजा न करण्याची विनंती केलेली असते, जी व्यवहारात असंभवनीय होय. एका ठिकाणी रुद्र एकच आहे असे म्हटलेले असते, तर दुसऱ्या ठिकाणी रुद्र असंख्य आहेत असे. शिवाय कित्येक शब्दांचा अर्थ कोणालाच लागत नाही.

यास्काने या आक्षेपांना क्रमाने उत्तरे दिली. मंत्रांतील शब्द लोकव्यवहारातील शब्दांहून वेगळे नाहीत, म्हणून त्यांना अर्थ आहे. शब्दांचा ठरलेला क्रम लौकिक भाषेतही आढळतो. आणि एखाद्या शब्दाचा अर्थ न कळणे हा ऐकणाराचा उणेपणा आहे. आंधळ्याला खांब दिसला नाही तर दोष खांबाचा ठरत नाही. पुढे मीमांसकांनी हाच वाद जैमिनिसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात पुन्हा उभा केला आणि मंत्र अर्थबोधक आहेत असाच निर्णय दिला.

तथापि वाद येथे संपला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रिट्स स्टाल (१९३०–२०१२) या डच भारतविद्यापंडिताने कौत्साचा पक्ष नव्या साधनांनिशी पुन्हा मांडला. त्यानंतर मंत्रांविषयीची कोणतीही गंभीर चर्चा स्टालच्या मताला बगल देऊन होऊ शकलेली नाही. या मताची व्याप्ती किती आणि महाराष्ट्रात ज्याला मंत्र म्हणतात त्या नाममंत्राला ते कितपत लागू पडते, याचे परीक्षण येथे करावयाचे आहे. हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा नाही. मंत्राचे मंत्रपण कशात आहे, याच्या उत्तरावर मंत्र म्हणण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर अवलंबून असते.

२

स्टालचे मत प्रथम न्याय्य रीतीने समजून घेतले पाहिजे. १९७५ साली केरळातील पांजाळ या गावी नंबुदिरी ब्राह्मणांनी बारा दिवसांचे अग्निचयन केले. त्याचे निरीक्षण व चित्रीकरण करणाऱ्या मंडळींत स्टाल प्रमुख होता. या कर्माचे सविस्तर वर्णन 'अग्नि' या त्याच्या द्विखंडात्मक ग्रंथात १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान १९७९ मध्ये 'न्यूमेन' या नियतकालिकातील निबंधात आणि नंतर १९८९ मधील 'रूल्स विदाउट मीनिंग' या ग्रंथात त्याने आपला सिद्धांत मांडला. विधी करणारा माणूस कशाचे तरी प्रतीक रचीत नसतो. त्याचे सारे लक्ष कृती नियमाप्रमाणे बिनचूक होण्याकडे असते. विधी म्हणजे नियमबद्ध परंतु अर्थरहित कर्म, आणि मंत्र हा त्या कर्माचाच एक अवयव. ऋग्वेदातील अर्थपूर्ण ऋचा आणि सामगानातील 'हाउ', 'होइ' यांसारखे स्तोभ, किंवा तंत्रातील 'ह्रीं', 'फट्' यांसारखी बीजे, यांत भाषिक दृष्टीने मोठे अंतर आहे. विधीत मात्र या सर्वांना एकच वागणूक मिळते. ज्या अर्थी वागणूक एकच, त्या अर्थी मंत्राचे कार्य त्याच्या अर्थावर अवलंबून नाही. मंत्राचे साम्य भाषेपेक्षा संगीताशी आणि पक्ष्यांच्या गाण्याशी अधिक आहे. किंबहुना मंत्र हा भाषेच्याही पूर्वीचा ध्वनिव्यापार असावा, इथपर्यंत स्टालने मजल मारली.

या मतात तथ्यांश मोठा आहे. वैदिक पठणाच्या पद, क्रम, जटा, घन या पद्धती पाहिल्या तर अर्थाच्या दृष्टीने त्यांचे समर्थन होत नाही. घनपाठात शब्द पुढे-मागे, उलटसुलट म्हटले जातात. तेथे वाक्य मोडते, अर्थ विस्कटतो, आणि वर्ण व स्वर मात्र अक्षत राहतात. ज्या परंपरेने ध्वनीच्या जतनासाठी अर्थाची अशी मोडतोड मान्य केली, तिचे लक्ष ध्वनीवर केंद्रित होते, हे नाकारण्यात हशील नाही. श्रौतकर्मातील मंत्रापुरता स्टालचा सिद्धांत बव्हंशी टिकेल, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रश्न आहे तो पुढचा. सिद्धांताचे नाव 'मंत्रांची अर्थशून्यता' असे आहे, 'श्रौतमंत्रांची अर्थशून्यता' असे नाही. भारतात आज ज्यांच्या तोंडी रोज मंत्र असतो, त्यांपैकी फारच थोड्यांचा अग्निचयनाशी संबंध येतो. 'नमः शिवाय', 'हरे राम', 'श्रीराम जयराम जयजयराम', 'रामकृष्णहरि' हे त्यांचे मंत्र होत. त्यांना मंत्र हे नाव परंपरेनेच दिले आहे. म्हणून ज्या कसोट्यांवर श्रौतमंत्र अर्थशून्य ठरतो, त्याच कसोट्या या मंत्रांना लावून पाहणे न्याय्य ठरते.

३

पहिली कसोटी व्याकरणाची. वरील चार मंत्रांची घडण एकसारखी नाही.

'नमः शिवाय' या पंचाक्षरीत चतुर्थी विभक्ती आहे. 'नमः' या अव्ययाच्या योगाने चतुर्थी यावी, असा पाणिनीचा नियम आहे, आणि तो येथे तंतोतंत पाळला गेला आहे. ही पाच अक्षरे तैत्तिरीय संहितेतील रुद्राध्यायात एका दीर्घ नमस्कारमालिकेच्या ओघात येतात. तेथून ती वेगळी निघून स्वतंत्र मंत्र झाली. मालिकेतील समुच्चयाचा 'च' गळून पडला, पण नमस्काराचा संबंध दाखविणारी विभक्ती तशीच राहिली. ध्वनीच तेवढा महत्त्वाचा असता, तर तुकडा कोठेही पडला असता. तो पडला आहे नेमका व्याकरणाच्या सांध्यावर.

'हरे राम', 'हरे कृष्ण' ही नावे संबोधनात आहेत. सोळा नावांचा हा मंत्र कलिसंतरणोपनिषदात आला असून चैतन्यांच्या (१४८६–१५३४) गौडीय वैष्णव परंपरेत त्याला महामंत्र म्हणतात. १९६६ साली भक्तिवेदांत स्वामींनी न्यूयॉर्क येथे स्थापन केलेल्या संस्थेमार्फत तो पुढे पाश्चात्त्य देशांत पोचला. यातील 'हरे' हे रूप व्याकरणदृष्ट्या द्व्यर्थी आहे. 'हरि' या इकारान्त पुल्लिंगी शब्दाचे संबोधन 'हरे' होते, आणि 'हरा' या आकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचेही 'हरे'च होते. गौडीय आचार्यांनी दुसरा अर्थ घेऊन 'हरे' म्हणजे राधेला घातलेली साद, असे विवरण केले. हे विवरण ऐतिहासिक दृष्ट्या मूळचे असो वा नसो, त्यातून एक गोष्ट सिद्ध होते : जप करणाऱ्या समाजाला विभक्तीचा विचार करावासा वाटला. पक्ष्याच्या गाण्यात संबोधन कोणत्या प्रातिपदिकाचे, असा वाद कोणी घालीत नाही.

'श्रीराम जयराम जयजयराम' हा समर्थ संप्रदायातील त्रयोदशाक्षरी मंत्र. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) त्याचा महाराष्ट्रात सर्वदूर प्रसार केला. संस्कृतच्या दृष्टीने यातील 'जय' हे आज्ञार्थी क्रियापद होय : 'हे राम, तू विजयी हो.' मराठी कानाला मात्र 'जय' हे नाम वाटते : 'रामाचा जय असो.' एकाच ध्वनिमालिकेचे हे दोन अन्वय आहेत. परंतु दोहोंतही वाक्यार्थ उभा राहतो आणि तो गौरवाचाच आहे.

'रामकृष्णहरि' या वारकरी मंत्राची स्थिती सर्वांत लक्षणीय आहे. संस्कृत प्रथमा म्हणावी तर विसर्ग नाही. संस्कृत संबोधन म्हणावे तर अखेरीस 'हरे' हवे होते. समास मानला तरी शेवटच्या पदाला प्रत्यय हवाच. संस्कृत वैयाकरणांच्या मते प्रत्ययावाचून नुसते प्रातिपदिक वाक्यात चालत नाही. मराठी संबोधन म्हणावे तर 'रामा', 'कृष्णा' अशी रूपे अपेक्षित होती. मराठी प्रथमेला मात्र प्रत्यय नसतो, आणि बोलीत नाव जसेच्या तसे उच्चारून हाक मारण्याचाही प्रघात आहे. तेव्हा ही तीन नावे मराठीच्या व्याकरणात बसतात, संस्कृतच्या बसत नाहीत. हा मंत्र तुकारामांना बाबाजी चैतन्यांनी माघ शुद्ध दशमीला स्वप्नात दिला, असे तुकारामांनीच आपल्या अभंगात सांगितले आहे. तो मराठीच्या घडणीत आहे, ही गोष्ट म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. येथे नाव आणि हाक यांतील सीमारेषा पुसट झाली आहे. ज्याला ती तीन नावे वाटतील त्याला ती नावे आहेत; ज्याला हाक वाटेल त्याला हाक.

या चारही मंत्रांत एक गोष्ट समान दिसते. त्यांत विधान नाही. राम असा आहे, शिवाने असे केले, असे काही सांगितलेले नाही. विधान नसल्यामुळे खरे-खोटेपणाचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु विधान नाही म्हणून अर्थ नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणजे हाक, नमस्कार, जयजयकार या सर्वच भाषाव्यवहारांना अर्थशून्य ठरविणे होय. जे. एल. ऑस्टिन याची १९५५ मधील व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोलणे ही स्वतःच एक कृती असते, हे त्यांतून भाषाविचाराला पटले. त्यानंतर तरी अर्थ म्हणजे केवळ विधानार्थ, हे समीकरण कोणाला मांडता येऊ नये.

४

दुसरी कसोटी पुनरुक्तीची. एकच शब्द एकशे आठ वेळा उच्चारला की त्याचा अर्थ झिजून जातो, हा अनुभव सर्वांचा आहे. गौडीय परंपरेत रोज सोळा माळा जपण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. सोळा माळा म्हणजे १,७२८ मंत्र, आणि प्रत्येक मंत्रात सोळा नावे, म्हणजे दिवसाला २७,६४८ नावे. इतक्या वेळा घेतलेले नाव नाव राहते की निव्वळ नाद होतो?

मराठी भाषेने या शंकेची दखल आधीच घेतली आहे. 'माळ ओढणे' या प्रयोगात यांत्रिकतेचा उपहास आहे. 'त्याने एकच जप लावला आहे' असे म्हणताना जप म्हणजे कंटाळवाणी पुनरुक्ती, हा अर्थ अभिप्रेत असतो. परंतु हे उपहासाचे प्रयोग शक्य होतात ते माळ ओढणे आणि नामस्मरण करणे यांत भाषिक समाज भेद करतो म्हणूनच. मंत्र स्वभावतःच अर्थशून्य असता, तर अर्थाकडे लक्ष न देता तो म्हणणाऱ्याला कोणी हसले नसते. शिवाय जपाला मराठीत रूढ असलेला शब्द 'नामस्मरण' हा आहे, 'नामोच्चारण' हा नव्हे. स्मरणाला विषय लागतो. केवळ नादाचे स्मरण होत नाही.

पुनरुक्तीचे व्याकरणही विचारात घेतले पाहिजे. पाणिनीने शब्दाच्या द्विरुक्तीचा विचार आठव्या अध्यायाच्या आरंभी केला आहे. क्रियेचे सातत्य आणि वस्तूंची व्याप्ती दाखविण्यासाठी द्विरुक्ती होते, असे तो सांगतो. त्यापुढेच वाक्याच्या आरंभी येणाऱ्या संबोधनाची द्विरुक्ती असूया, संमती, कोप, निंदा, धमकावणी अशा भावांत होते, असा एक स्वतंत्र नियम त्याने दिला आहे. म्हणजे एकदा मारलेली हाक आणि दोनदा मारलेली हाक यांत अर्थाचा भेद आहे, आणि तो बोलणाराच्या भावाचा आहे, हे पाणिनीने ओळखले होते. मराठीतही 'चालता चालता', 'घरोघरी', 'हळूहळू' यांत द्विरुक्तीने सातत्य व व्याप्ती दाखविली जाते. 'राम' हे एकदा म्हणणे आणि 'राम राम' असे नमस्कारात म्हणणे यांत भेद आहे, तसाच 'शिव' आणि तिटकाऱ्याने काढलेले 'शिव शिव' यांतही. तेव्हा पुनरुक्ती झाली की अर्थ नष्ट होतो, असे नसून अर्थाचे स्थान बदलते. शब्द कशाचा निर्देश करतो ही बाब मागे पडते, आणि बोलणारा त्या निर्दिष्टाशी कोणत्या नात्याने उभा आहे ही बाब पुढे येते.

नित्याच्या हाकेशी जपाची तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. आई अंगणातील मुलाला हाक मारते. मुलाने 'ओ' दिली की हाक थांबते. जपातील हाक 'ओ' मिळण्यावर अवलंबून नसते; ती चालूच राहते. म्हणून ती निष्फळ हाक आहे, असे कोणी म्हणेल. परंतु मूल दूर गावी गेल्यावरही आई त्याचे नाव घेते, तेव्हा ती हाक नसते आणि नाद तर नसतेच नसते. नाव घेण्याचा हा तिसरा प्रकार भाषेत आहे. नामजप त्याच्या जवळचा होय.

'मरा मरा' असे म्हणता म्हणता वाल्या कोळ्याच्या मुखातून 'राम राम' निघू लागले, ही कथा मराठी घरात मुलांनाही ठाऊक असते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही कथा म्हणजे पदसीमेचा एक सुंदर पाठ आहे. अखंड उच्चारात पदांची सीमा पुसली जाते आणि तीच अक्षरे नव्याने विभागली जातात. स्टालच्या पक्षाला ही कथा अनुकूल वाटेल. ध्वनीने आपले काम केले, अर्थाची गरज पडली नाही. परंतु कथेचा कळस 'राम' हे पद ओळखू येण्यात आहे. ध्वनीच पुरेसा असता तर 'मरा'नेच काम भागले असते.

५

तिसरी कसोटी दोषाची. एखाद्या व्यवहारात चूक कशाला म्हणतात, हे पाहिले की त्या व्यवहाराचे सार कशात आहे हे कळते.

वैदिक परंपरेत मंत्रदोषाचे प्रसिद्ध उदाहरण 'इन्द्रशत्रु' या शब्दाचे आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने मंत्र म्हटला. परंतु स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि इंद्र ज्याचा मारक तो वृत्र जन्मास आला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाचे प्रयोजन सांगताना हा प्रसंग वापरला आहे. येथे दोष उच्चारात आहे आणि त्याचे फळ भयंकर आहे.

नामजपात दोष कोठे असतो? पद्मपुराणाच्या आधाराने वैष्णव परंपरेत दहा नामापराध सांगितले जातात. संतांची निंदा, नामाच्या बळावर पाप करणे, नाममाहात्म्य ही केवळ स्तुती मानणे, श्रद्धा नसलेल्याला नाम देणे, अशा प्रकारचे हे अपराध होत. त्यांत वर्णोच्चाराचा दोष नाही. दहाही अपराध वृत्तीचे आणि वर्तनाचे आहेत. कलिसंतरणोपनिषदात तर या मंत्राला विधी नाही, शुद्ध वा अशुद्ध कोणत्याही अवस्थेत तो म्हणावा, असे स्पष्ट सांगितले आहे. त्या उपनिषदाच्या पाठात रामाची नावे आधी आणि कृष्णाची नंतर येतात; गौडीय परंपरेत कृष्णाची आधी व रामाची नंतर. मंत्रातील पदक्रम बदलता येत नाही, हा कौत्साचा पहिलाच मुद्दा होता. येथे मंत्राचे दोन्ही अर्ध उलटले, तरी मंत्र तोच मानला गेला.

त्रयोदशाक्षरी मंत्राचे उदाहरण आणखी बोलके आहे. लेखनाप्रमाणे त्याची अक्षरे तेरा. परंतु मराठी उच्चारात पदान्तीचा अकार लोपतो. 'राम्', 'जय्' असा उच्चार होतो आणि बोलताना मंत्राची अक्षरे प्रत्यक्षात सातच उरतात. तेरापैकी सहा स्वर लुप्त झाले, तरी मंत्र त्रयोदशाक्षरीच म्हणविला जातो आणि कोणाचाही जप त्यामुळे खंडित ठरत नाही. 'कृष्ण' या शब्दातील ऋकाराचा उच्चार मराठीत 'रु'सारखा, हिंदीत 'रि'सारखा होतो. विठ्ठलाचे नाव कोणी 'इठ्ठल' म्हणतो, कोणी 'विठू', कोणी 'विठाई'. श्रौतमंत्राची कसोटी लावली तर हे सारे इन्द्रशत्रूचे सहोदर ठरतील. नाममंत्रात मात्र ते दोष नव्हेत.

यावरून स्टालच्या सूत्राची येथे पूर्ण उलट होते, असे म्हणावे लागते. श्रौतमंत्रात नियम घट्ट आणि अर्थ गौण. नाममंत्रात नियम सैल आणि निर्देश घट्ट. कोणाचे नाव घेतले जात आहे, हे पक्के असले म्हणजे ते कोणत्या स्वरात, कोणत्या क्रमात, कोणत्या बोलीत घेतले याला महत्त्व उरत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील श्रेणीही याच दिशेकडे बोट दाखविते. विधियज्ञाहून जपयज्ञ दसपट, ओठांत पुटपुटलेला उपांशुजप शतपट, आणि मनातल्या मनात केलेला मानसजप सहस्रपट श्रेष्ठ, असे तेथे सांगितले आहे. ध्वनी जसजसा कमी तसतसे मूल्य अधिक. ध्वनी हेच ज्याचे सर्वस्व, त्याच्या बाबतीत ही श्रेणी उलटी असावयास हवी होती. पतंजलीच्या योगसूत्रांतही प्रणवाच्या जपाबरोबर त्याच्या अर्थाच्या भावनेचा उल्लेख आहे. जप आणि अर्थभावना यांना त्या सूत्राने एकत्र बांधले आहे.

६

या निष्कर्षाविरुद्ध सर्वांत प्रबळ साक्ष परंपरेतूनच देता येते. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाने मरणसमयी 'नारायण' अशी हाक मारली ती आपल्या धाकट्या मुलाला. नाव देवाचे, निर्देश मुलाचा. तरीही विष्णुदूत धावून आले. त्याच प्रकरणात दुसऱ्या कोणाचे नाव म्हणून, थट्टेने, गाण्यातील स्तोभ म्हणून किंवा अवहेलनेने घेतलेले नामही पापनाशक असते, असे म्हटले आहे. स्तोभ हा शब्द येथे यावा, हे विशेष होय. स्टालच्या सिद्धांताचा मुख्य पुरावा नेमका स्तोभांचाच आहे. निर्देश नसतानाही नाम फळते, तर नाममंत्र अर्थावर चालतो असे कसे म्हणावे?

उत्तर दोन प्रकारे देता येते. पहिले असे की, अजामिळाची कथा तेथेच संपत नाही. यमदूत आणि विष्णुदूत यांचा संवाद त्याने ऐकला, त्याला पश्चात्ताप झाला, तो गंगाद्वारी गेला, तेथे त्याने चित्त स्थिर केले आणि मग त्याला गती मिळाली. अजाणता घेतलेल्या नामाने त्याला अवधी मिळवून दिला. त्या अवधीत काय करावयाचे ते त्याला समजून करावे लागले. दुसरे उत्तर भाषिक आहे. थट्टा, अवहेलना, दुसऱ्याचे नाव म्हणून योजना, हे सर्व नावाचेच उपयोग आहेत. जे नाव नाही त्याची अवहेलना होत नाही. स्तोभ म्हणून घेतलेले नामसुद्धा 'हाउ'सारखे नसते. ते भाषेत अन्यत्र कोणाचे तरी नाव असते, आणि ऐकणाऱ्या समाजाला ते ठाऊक असते. एका वक्त्याच्या एका क्षणाच्या अभिप्रायावर शब्दाचा अर्थ ठरत नाही. तो समाजाच्या संकेतावर ठरतो. अजामिळाच्या कथेतून जे निघते ते एवढेच की, नामाचा अर्थ वक्त्याच्या मनाहून मोठा आहे. नामाला अर्थ नाही, असे त्यातून निघत नाही.

नाममाहात्म्य हा अर्थवाद, म्हणजे केवळ प्रशंसा, आहे काय, हा वाद लक्ष्मीधराने 'भगवन्नामकौमुदी'त मीमांसेच्याच परिभाषेत चालविला आणि तो अर्थवाद नव्हे असा पक्ष मांडला. त्याचे मत स्वीकारणे न स्वीकारणे हा श्रद्धेचा प्रश्न होय. नामाने काय फळ मिळते हे सांगणे भाषाशास्त्राच्या कक्षेत येत नाही. तसेच मंत्रातील अक्षरांच्या कंपनांनी शरीरावर अमुक परिणाम होतो, हे हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने केले जाणारे प्रतिपादनही येथे उपयोगाचे नाही. वरवर ते मंत्राचा गौरव करते, पण त्याची भूमिका मुळात स्टालचीच आहे. दोघांच्याही दृष्टीने नाम म्हणजे ध्वनी. स्टालने निदान तसे निःसंदिग्धपणे म्हटले.

मराठी बोलणाऱ्या समाजाची साक्ष याहून विश्वसनीय आहे. 'त्यात काही राम नाही' असे म्हणताना राम म्हणजे सत्त्व. 'राम म्हणणे' म्हणजे प्राण सोडणे. वाटेत भेटलेल्या माणसाला 'राम राम' आणि वारीतल्या माणसाला 'रामकृष्णहरि'. अर्थशून्य ध्वनीतून अशी लक्षणार्थांची परंपरा निपजत नाही. जे नाम जपात शेकडो वेळा घेतले गेले, तेच व्यवहाराच्या भाषेत येऊन सत्त्वाचे, भेटीचे आणि मरणाचे वाचक झाले. जपाने अर्थ झिजला असता, तर या शब्दाची भाषेत अशी भरभराट झाली नसती.

७

या साऱ्या विवेचनाला एक सामाजिक बाजू आहे. मंत्राचे सार ध्वनीच्या अचूकतेत असेल, तर तो ध्वनी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला त्यांच्याकडेच मंत्राचा अधिकार राहतो. उच्चार चुकेल म्हणून इतरांना दूर ठेवण्याचे समर्थन त्यातून आपोआप निघते, आणि इतिहासात ते तसे निघालेही. स्त्रिया आणि शूद्र यांना वेदमंत्र वर्ज्य करण्यात आले. मंत्राचे सार निर्देशात असेल, तर ज्याला नाव घेता येते त्याला मंत्र घेता येतो. वारकरी संतांनी हा दुसरा पक्ष घेतला. 'कानमंत्र' या शब्दात मंत्राची गुप्तता अनुस्यूत आहे. वारकऱ्यांचा मंत्र मात्र टाळमृदंगाच्या गजरात उघड्यावर म्हटला जातो. देहूच्या वाण्याला तो मिळाला, आणि बहिणाबाई या ब्राह्मण स्त्रीने त्या वाण्याला गुरू मानले. वर्णव्यवस्थेने ठरविलेला मंत्रदानाचा ओघ येथे उलट्या दिशेने वाहिला.

तथापि या गौरवालाही मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. नाम मोकळे झाले, पण देऊळ मोकळे झाले नाही. १४ व्या शतकातील चोखामेळ्याने आयुष्यभर ज्याचे नाव घेतले, त्याच्या दारात त्याला प्रवेश नव्हता. त्याची समाधीही महाद्वाराच्या बाहेरच झाली. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहाशे वर्षे एकाच नामाचा गजर दाराच्या आत आणि बाहेर होत होता. भाषेत दिलेला अधिकार व्यवहारात आपोआप उतरत नाही, हे या उदाहरणावरून दिसते. परंतु त्यावरून नाम अर्थशून्य होते असे मात्र सिद्ध होत नाही. आत आणि बाहेर एकाच्याच नावाने हाक मारली जात आहे, हे ज्यांना कळत होते, त्यांनाच ते दार अन्यायाचे वाटू शकले. पाखरांच्या दोन थव्यांनी एकच शीळ घातली, म्हणून पिंजऱ्याच्या न्यायान्यायाचा प्रश्न निर्माण होत नाही.

सारांश, कौत्स आणि स्टाल यांचा पक्ष श्रौतविधीतील मंत्रापुरता विचारार्ह असला, तरी मंत्रमात्राला तो लागू करणे अतिव्याप्तीचे आहे. नाममंत्र विधान करीत नाही. तो निर्देश करतो, आणि निर्दिष्टाशी असलेले नाते पुनःपुन्हा उच्चारून दृढ करतो. त्याच्या अर्थाचा शोध वाक्यार्थात घेतला तर तो सापडणार नाही. विभक्ती, द्विरुक्ती, दोषकल्पना आणि भाषेतील वाक्प्रचार या चार ठिकाणी तो सापडतो. मंत्रविषयक पुढील अभ्यासात श्रौत, तांत्रिक आणि नाममंत्र असा विभाग प्रथम करावा आणि मगच अर्थाचा प्रश्न विचारावा, एवढे तरी या परीक्षणावरून आवश्यक ठरते. यास्काचा खांबाचा दृष्टान्त आजही लागू पडतो; मात्र एकाच रानात खांबही असतात आणि झाडेही, आणि दोहोंना एकच नाव देऊन चालत नाही.